कुलगुरू महोदय, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या सर्व माननीय कुलगुरूंना,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शिवाय आमच्या इनोव्हेशन कौन्सिलचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांना वाव देण्यासाठी नेमलेल्या समितीचा समन्वयक आहे, अर्थात त्याच पगारात. विद्यार्थ्यांमधून तंत्रज्ञानावर आधारित उद्योजक घडवा, अशी जी परिपत्रकं आपल्या कार्यालयांतून निघतात, ती प्राचार्यांच्या शेऱ्यासह शेवटी माझ्या टेबलावर येतात. शेरा ठरलेला: ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’. त्या कार्यवाहीत खरोखर काय घडतं हे आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण वर जातो तो अहवाल, आणि अहवाल मीच लिहितो. आज अहवालाबाहेरचं लिहितो.

होतं ते असं. तिमाहीचं वेळापत्रक येतं. एक व्याख्यान, एक कार्यशाळा, एक आयडिया स्पर्धा. फ्लेक्स छापून येतो, पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं. पाहुणे आपला खडतर प्रवास सांगतात. समोर दुसऱ्या वर्षाच्या दोन तुकड्या प्रॅक्टिकल रद्द करून बसवलेल्या असतात. मग जिओटॅग केलेले फोटो, हजेरीपत्रक आणि गूगल फॉर्मवरचा अभिप्राय केंद्राच्या पोर्टलवर चढवला की मानांकनाचे तारे मिळतात. आमच्याकडे तारे चांगले आहेत. कंपन्या नाहीत.

धोरणांची कमतरता आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य हे काम विद्यापीठाच्या अधिकृत जबाबदाऱ्यांत आणलं, त्यासाठी वेगळा संचालक दिला. २०१८ साली केंद्राच्या शिक्षण खात्याने महाविद्यालयांत इनोव्हेशन कौन्सिलं काढायला लावली. त्याच वर्षी राज्याचं स्टार्टअप धोरण आलं. २०१९ साली विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आलं. हे शेवटचं मी शब्दन्‌शब्द वाचलं आहे आणि ते चांगलं आहे, हे आधी कबूल करतो. स्वतःचा उद्योग उभा करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी संस्थेच्या परवानगीने त्याला परीक्षेला बसू द्यावं, असं त्यात आहे. एखादं सत्र किंवा वर्ष थांबून त्याला परत येता यावं, असं आहे. शिकत असताना कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरता यावा, हेही आहे. प्राध्यापकाला स्वतःची कंपनी काढता येते. आणि संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकातला किमान १ टक्का या कामासाठी बाजूला काढावा, असंही त्यात लिहिलं आहे. या १ टक्क्याकडे मी पत्राच्या शेवटी येणार आहे.

आधी एक उदाहरण सांगतो. अडचण नेमकी कुठे आहे ते त्याशिवाय कळायचं नाही.

आमच्याकडची दोन मुलं, दोघंही इचलकरंजीची. एकाचे वडील खर्चीवाले यंत्रमागधारक, म्हणजे सूत दुसऱ्याचं, माग आपले, आणि मजुरीवर कापड विणून द्यायचं. यंत्रमागाच्या धंद्यात सगळा हिशेब पिकावर चालतो. आडवा धागा एकदा टाकला की एक पीक. कामगाराची मजुरीसुद्धा पिकावरच ठरते. साध्या मागावर रात्रपाळीत कोणता माग किती वेळ बंद होता, का बंद होता, हे मालकाला सकाळी अंदाजानेच कळतं, आणि त्यावरून होणारी भांडणं त्या गावात रोजची आहेत. या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक मीटर करायला घेतलं. मागावर बसवायचं, पिकं मोजायची, माग थांबला तर वेळ नोंदवायची आणि सगळा हिशेब मालकाच्या आणि कामगाराच्या अशा दोघांच्याही मोबाइलवर टाकायचा. ‘कामगाराच्यासुद्धा’ ही अट त्यातल्या दुसऱ्या मुलाची. त्याची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जाते.

पहिलं मीटर प्रयोगशाळेत उत्तम चाललं. बाह्य परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण मुलं ते घेऊन कारखान्यात गेली आणि तिथे दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. प्रकाशावर चालणारा सेन्सर होता, आणि शेडमध्ये हवेत सुताची बारीक पूड अखंड उडत असते. ती सेन्सरवर बसली आणि मोजणी थांबली. मग पोरांनी डोकं चालवलं. साध्या मागावर क्रँकशाफ्टचा, म्हणजे मागाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, एक फेरा झाला की एक पीक पडतं. मग धागा बघायचाच कशाला? शाफ्टवर एक छोटं चुंबक बसवलं, शेजारी चुंबकाला ओळखणारा हॉल सेन्सर. पूड बसो, तेल उडो, मोजणी चालूच. हे मला सुचलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. ते एका जॉबरशी बोलताना सुचलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री.

मग दुसरी अडचण आली. माग सुरू होताना आणि थांबताना मोटरमुळे वीजपुरवठ्यात जे झटके येतात, त्यांनी मीटर अधूनमधून स्वतःच पुन्हा सुरू व्हायचं आणि रात्रीची सगळी नोंद पुसली जायची. हे पकडायला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे असे झटके पडद्यावर दाखवणारं उपकरण, कारखान्यात न्यायला हवा. ऑसिलोस्कोप आहे, तोही चांगला. पण तो डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत आहे आणि डेडस्टॉकवरची वस्तू आवाराबाहेर न्यायची तर तिच्यासाठी जो कागद फिरतो तो विभागप्रमुख, भांडार, लेखा आणि प्राचार्य अशा वाटेने फिरतो. वस्तू फुटली तर कुणाच्या पगारातून, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर निघतो. बरं, मीटरच प्रयोगशाळेत आणून तपासावं, तर प्रयोगशाळा पाचला बंद होते आणि कारखाना बघायचा असतो रात्री.

तोवर सबमिशनं आली, तोंडी परीक्षा झाली, निकाल लागला. कारखानदार म्हणाला होता, “महिनाभर न थांबता चालवून दाखवा, वीस मागांना घेतो.” हे वाक्य म्हणजे खरी ऑर्डर होती, साहेब. आयडिया स्पर्धेतलं प्रमाणपत्र नव्हे. पण तो महिना कुणाकडेच नव्हता. मुलं हिंजवडीला नोकरीला लागली. आमच्या प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर दोघांचे फोटो लागले, पॅकेजसह.

त्यांनी नोकरी धरली याचं मला वाईट वाटत नाही. घरची परिस्थिती बघता तेच शहाणपणाचं होतं. प्रत्येकाने उद्योजक व्हावं असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. शंभरात दोघांनी झालं तरी पुष्कळ. मला राग येतो तो एवढ्यासाठी, की ती दोघं त्या दोघांत बसणारी होती, आणि आम्ही त्यांच्यासाठी केलं काय, तर त्यांना तीन व्याख्यानांना बसवलं.

आता आपण म्हणाल, हे त्या एका महाविद्यालयाचं झालं. तसं असेल तर मला आनंदच आहे. पण राज्यभरच्या समन्वयकांच्या व्हॉट्सअॅप गटात मी आहे, आणि तिथे चर्चा चालते ती अहवाल चढवायच्या मुदतीची. एखाद्या पोराच्या यंत्राला गिऱ्हाईक कसं मिळालं, यावरचा संदेश क्वचित. याच गटात तयार प्रोजेक्ट विकणाऱ्यांच्या जाहिराती मात्र नेमाने येतात. विषय सांगा, पैसे भरा, मॉडेल आणि रिपोर्ट घरपोच. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसऱ्याने उभा राहिलेला सगळ्यात भरवशाचा तंत्रज्ञानाचा धंदा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी याच माणसांकडे बोट दाखवीन.

पेटंटांचीही गोष्ट याच जातीची. २०२१ साली केंद्राने शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटचं शुल्क ८० टक्क्यांनी कमी केलं. उद्देश चांगला. अर्ज करायला १६०० रुपये लागू लागले. लवकर प्रसिद्ध व्हावं म्हणून वेगळा अर्ज भरला की काही आठवड्यांत ते पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं. छापून आलं म्हणजे मिळालं असं नाही. त्यापुढे तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते, आक्षेपांना उत्तरं द्यावी लागतात, वर्षं जातात. पण आमच्या तक्त्यात ‘प्रसिद्ध’ असा रकाना आहे, आणि तो भरला की सगळ्यांचं भागतं. एकेका अर्जावर आठ-आठ प्राध्यापकांची नावं, आणि त्यातल्या कितीजणांनी तो अर्ज वाचला असेल हे देव जाणे. अशा पेटंटातून उद्योग निघणार नाही, कारण तो निघावा म्हणून ते काढलेलंच नसतं.

तेव्हा माझं मागणं कार्यक्रमांचं नाही. मला विद्यापीठांकडून हवं आहे ते गिऱ्हाईक.

आपल्याच मुलखातला दाखला देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात तंत्रशिक्षण देणारे मास्तर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीत डावललं गेलं म्हणून राजीनामा देऊन बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, मग शेतीची अवजारं करू लागले. लोखंडी नांगर तयार झाला, पण खपेना. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानात जागा दिली, कर्ज दिलं, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीतही तेच. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा आधार होता. सत्ता हातात असलेल्या माणसाने नव्या यंत्राला थारा दिला, त्यातून या भागात दोन-तीन पिढ्यांचा रोजगार झाला. त्या संस्थानिकांनी उद्योजकतेवर चर्चासत्रं भरवली होती की नाही मला ठाऊक नाही. जागा, पैसा आणि काम मात्र दिलं.

आज ते संस्थानिक नाहीत. पण विद्यापीठ हे आजही लहानसं संस्थानच आहे. शेकडो एकरांचा परिसर, वसतिगृहं, पाण्याच्या टाक्या, विजेचं बिल, कँटीन, दवाखाना, छापखाना, ग्रंथालय. लाखो उत्तरपत्रिका दर सत्राला फिरतात, तपासल्या जातात, स्कॅन होतात. निकाल लांबला की आपल्याच दारात आंदोलन होतं. या प्रत्येक गोष्टीत तंत्रज्ञानाची गरज आहे आणि तिच्यासाठी विद्यापीठ दरवर्षी बाहेरच्या कंपन्यांना पैसे मोजतं. यातलं काही काम आपल्या मुलांना देता येणारच नाही. परीक्षेसारख्या नाजूक ठिकाणी प्रयोग करा असं मी वेडा असलो तरी म्हणणार नाही. पण वसतिगृहाच्या टाकीचं पाणी रात्री वाहून जातं, ते थांबवणारं साधं यंत्र? कुठल्या इमारतीत वीज कुठे जळते हे दाखवणारे मीटर? ग्रंथालयातल्या जुन्या मराठी हस्तलिखितांचं स्कॅनिंग आणि त्यातला शोध? प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या रसायनांच्या पाण्याची तपासणी? यासाठी विद्यार्थ्यांच्या कंपनीला एक-दोन लाखांचा कार्यादेश, म्हणजे कामाची रीतसर ऑर्डर, देऊन बघायला काय हरकत आहे?

राज्य सरकारने हे करून दाखवलं आहे. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना बक्षिसाचा चेक देऊन घरी पाठवत नाहीत. एखाद्या सरकारी खात्यात आपलं तंत्रज्ञान वापरून दाखवण्यासाठी काही लाखांचा कार्यादेश देतात. हे डोकं ज्याचं कुणाचं असेल त्याला माझा नमस्कार. बक्षिसाचे पैसे मुलं लॅपटॉपवर खर्च करतात. कार्यादेश आला की मात्र वेळेत माल द्यावा लागतो, बिल करावं लागतं, जीएसटी समजून घ्यावा लागतो, आणि वापरणारा माणूस फोन करून शिव्या घालतो. उद्योजकतेचा अभ्यासक्रम यापेक्षा वेगळा काय असतो?

हे सुचवलं की लगेच उत्तर येतं: खरेदीचे नियम. तीन वर्षांची उलाढाल लागते, पूर्वानुभवाचा दाखला लागतो, बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत लागते. काल जन्मलेल्या कंपनीकडे तीन वर्षांची उलाढाल कुठून येणार? पण केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपला बयाणा रकमेतून सूट आहे, आणि गुणवत्ता व तांत्रिक अटी पाळून अनुभव-उलाढालीची अट शिथिल करण्याची सोयही आहे. दिल्लीतल्या मंत्रालयांना जे चालतं ते व्यवस्थापन परिषदेत ठराव करून आपल्या विद्यापीठाच्या खरेदी नियमांत घ्यायला नेमकी कोणाची ना आहे, हे एकदा लेखी कळलं तर बरं होईल. आणि हितसंबंधांचा प्रश्न येणारच. प्राध्यापकाच्या पुतण्याच्या कंपनीला काम मिळालं की बोभाटा होईल. होऊ द्या. म्हणूनच समस्या आधी जाहीर करा, निवडीची कारणं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाका आणि तपासणीला बाहेरचे दोघे घ्या.

गिऱ्हाईक मिळालं तरी प्रयोगशाळा लागेलच. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७पासून व्हेंचर सेंटर चालतं. बाहेरच्या लहान कंपन्यांना तिथे जागा मिळते, महागडी उपकरणं दर देऊन वापरता येतात. मुंबईच्या आयआयटीत नव्या कंपन्यांना आधार देणारं साइन हे केंद्र २००४पासून आहे. तिथून निघालेली आयडियाफोर्ज ही ड्रोनची कंपनी २०२३मध्ये शेअर बाजारात आली. मधली वर्षं मोजा. पंधराहून जास्त होतात. आपल्याकडे मात्र केंद्राचं उद्‌घाटन झाल्यावर दुसऱ्या वर्षी ‘यशोगाथा’ मागणारा ई-मेल येतो.

आयआयटीसारखा पैसा आपल्याकडे नाही हे खरं. पण प्रयोगशाळेची किल्ली आहे. अनेक विद्यापीठांत उपकरणांची सामाईक केंद्रं आहेत, तिथली यंत्रं संध्याकाळी आणि सुट्टीत निवांत असतात. ती विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत उपक्रमांना तासाच्या माफक दराने द्या, विमा उतरवा, आणि डेडस्टॉकवरची वस्तू पंधरा दिवस बाहेर न्यायला एकाच सहीचा कागद करा. आणि हो, प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघडी ठेवणार असाल तर मुलींच्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद करू नका. आमच्या विभागात निम्म्या मुली आहेत. सोल्डरिंग त्यांचं मुलांपेक्षा साफ असतं. पण संध्याकाळी काम रंगात आलं की त्या घड्याळ बघायला लागतात, आणि पुढच्या आठवड्यात त्या गटात फक्त मुलं उरतात. याला आम्ही ‘मुलींना उद्योजकतेत रस कमी’ असं अहवालात लिहितो.

शिक्षकांविषयी थोडक्यात, कारण आपल्याला ते माहीत आहे. राज्यातल्या महाविद्यालयांत किती जागा रिकाम्या आहेत आणि किती वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात, हे मी सांगायला नको. ज्याला मे महिन्यात पगार नाही, त्याने रात्री थांबून मुलांच्या यंत्राकडे लक्ष द्यावं, ही अपेक्षा करायला मला तोंड नाही. जे कायम आहेत त्यांच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजला जातो. कारखान्यात वर्षभर चाललेलं यंत्र मोजायला रकाना नाही. तो रकाना आपल्या अखत्यारीत जेवढा उघडता येईल तेवढा उघडा.

आणखी एक. हा सगळा विषय अभियांत्रिकीपुरता राहिला आहे, ते चूक आहे. सांगलीची हळद, नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी, कोल्हापूरचा गूळ यांच्यातल्या तंत्रज्ञानाचे प्रश्न रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांत सुटणारे आहेत, आणि ते विभाग तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयांतही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. बीएस्सीच्या मुलीने स्वतःच्याच नोंदणीकृत उपक्रमात ते काम केलं तर श्रेयांक का मिळू नयेत? यासाठी अभ्यास मंडळाची एक बैठक पुरते.

आता तो १ टक्का. राष्ट्रीय धोरण येऊन इतकी वर्षं झाली. दर मार्चमध्ये अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, विद्यापीठाचं अंदाजपत्रक येतं. त्यात नवोपक्रमाच्या शीर्षाखाली तरतूद किती, ती एकूण अंदाजपत्रकाच्या किती टक्के, त्यातली चर्चासत्रं, मानधन आणि फ्लेक्सवर किती गेली आणि विद्यार्थ्यांच्या यंत्रांवर किती, हे चार आकडे वेगळे करून छापावेत, एवढी माझी विनंती आहे. त्याच पानावर पाचवा आकडा: गेल्या वर्षी विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमांकडून किती रुपयांची खरेदी केली. तो शून्य असेल तर शून्य छापा. तारे मोजण्यापेक्षा तो आकडा दरवर्षी मोजला तर मला माझ्या कामाचं काय करायचं ते कळेल.

आमच्या विद्यापीठात शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेल्या अधिसभा सदस्यांकडे हाच प्रश्न मी मुदतीत लेखी दिला आहे. इतर विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांनीही तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा, माझी हरकत नाही. आणि ज्या कुलगुरूंना पाण्याच्या टाकीचं यंत्र पहिल्यांदा करून बघायचं असेल, त्यांनी टाक्यांची संख्या आणि पंपाची अश्वशक्ती तेवढी कळवावी. तिसऱ्या वर्षाची चार मुलं-मुली तयार आहेत. दरपत्रक आठ दिवसांत पाठवतो.

आपला विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक प्राध्यापक,
जिल्हा कोल्हापूर